कांदा-लसूण मसाल्याला बुरशी, फुटलेला पांढरा रस्सा, न शिजणारी हुग्गी: या चुका टाळा

कोल्हापुरात स्वयंपाक बिघडला की पहिला आळ मिरचीवर येतो. खरं तर बहुतेक वेळा दोष पाण्याचा असतो: मसाल्यात राहिलेलं, रश्श्यात गार ओतलेलं, किंवा डाळ मऊ व्हायच्या आत चिंच नाहीतर गूळ घेऊन आलेलं.

कांदा-लसूण मसाला: उन्हाळ्यातली चूक पावसाळ्यात दिसते

एप्रिल-मेमध्ये डंकावरून (मसाला कुटायच्या गिरणीवरून) आणलेला मसाला जुलैपर्यंत छान असतो. मग एका दिवशी बरणीच्या तोंडाशी पांढरट जाळी दिसते, आणि सगळे पावसाला नावं ठेवतात. पण ओल त्यात बरणी भरतानाच शिरलेली असते.

घरोघरचं प्रमाण वेगळं, तरी साधारण असं चालतं: १ किलो मिरचीला (अर्धी ब्याडगी रंगाला, अर्धी संकेश्वरी तिखटाला) १ किलो कांदा, पाव किलो लसूण, पाव किलो सुकं खोबरं, पाव किलो धने, १०० ग्रॅम तीळ, ५० ग्रॅम खसखस, थोडा गरम मसाला आणि पाव किलो खडे मीठ. यात घात करतो तो कांदा. कच्च्या कांद्यात ८५ टक्क्यांहून जास्त पाणी असतं. तो नुसता तांबूस झाला की उतरवायचा, ही सगळ्यात महागात पडणारी घाई. पातळ चिरून दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा, मग तेलात तळा. गार झाल्यावर बोटांत चुरला पाहिजे. दाबल्यावर वाकला, चिकटला तर परत कढईत. लसणाचंही तसंच. सोललेला ओला लसूण थेट कुटायला दिला तर त्या दिवशी वास झकास येतो, टिकाऊपणा मात्र जातो.

डंकावरून आलेला मसाला गरम असतो. तो तसाच डब्यात दाबून झाकण लावलं तर वाफ आतच धरते. परातीत पसरून पूर्ण गार करा, मग काचेच्या किंवा चिनी मातीच्या कोरड्या बरणीत दाबून भरा, मध्ये हिंगाचे दोन-तीन खडे ठेवा. रोजच्या वापराला छोटा डबा वेगळा. मोठ्या बरणीत रोज चमचा घालणं, तोही उकळत्या भाजीवर धरलेला, म्हणजे रोज थोडी वाफ आत पाठवणं.

मसाल्याचे नुसते गोळे झाले असतील, वास आणि रंग ठीक असेल, तर कोरड्या कढईत अगदी मंद आचेवर हलवून घ्या, गार करा, भरा. बुरशी दिसली तर मात्र वरचा थर काढून खालचा वापरू नका. बुरशीचे धागे डोळ्यांना दिसतात त्याहून खोल गेलेले असतात. खवट वास ही तिसरीच भानगड. ते खोबऱ्याचं आणि तिळाचं तेल उतरल्याचं लक्षण आहे, आणि ऊन दाखवलं तर ते वाढतं. वर्षाचा मसाला करत असाल तर निम्मा फ्रीजमध्ये ठेवा.

नवी रेसिपी करताना आणखी एक घोटाळा होतो. लिहिलेलं असतं ‘१ चमचा लाल तिखट’, घरात असतो कांदा-लसूण मसाला. चमच्याला चमचा घातला की रंग कमी पडतो, आणि रेसिपीत सांगितलेलं मीठ पूर्ण घातलं की खारट होतं, कारण मसाल्यात मीठ आधीच आहे. तिखटाच्या १ चमच्याला मसाला दीड ते दोन चमचे घ्या, आलं-लसूण पेस्ट निम्मी करा, मीठ शेवटी चाखून घाला.

मसाला कडकडीत तेलात पडला तर काही सेकंदांत जळतो आणि भाजी कडू होते. कांदा परतून झाला की गॅस बारीक करा, मसाला घाला, लगेच दोन-तीन चमचे गरम पाणी. तेल कडेने सुटेपर्यंत परता. जळलाच तर वर टोमॅटो-साखर घालून झाकायला जाऊ नका, कडूपणा जात नाही. ती फोडणी फेकून द्या आणि नवी करा. दोन चमचे तेलासाठी अख्खी भाजी घालवण्यात काय अर्थ?

रश्श्याला तर्री येत नाही, पांढरा रस्सा फुटतो

तांबड्या रश्श्यावर तर्री (वर तरंगणारं लाल तेल) नसली की लोक वरून तेल ओततात. आधी दोन गोष्टी बघा. कांदा-खोबऱ्याचं वाटण तेल सुटेपर्यंत परतलं होतं का, आणि पाणी उकळतं घातलं होतं का. गार पाण्याने परतलेलं वाटण एकदम थंडावतं आणि तेल त्यातच अडकून राहतं. उकळतं पाणी घालून, झाकण अर्धवट ठेवून मंद आचेवर १५ मिनिटं उकळा. तर्री आपोआप वर येते. मिसळीच्या कटालाही हेच लागू.

मीठ जास्त झालं की बटाटा घालायचा सल्ला मिळतो. बटाटा रश्श्यातलं खारं पाणी पितो, मीठ वेगळं काढून घेत नाही. उरलेला रस्सा तितकाच खारट राहतो. त्यापेक्षा बिनमिठाचं उकळतं पाणी आणि दोन चमचे भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण घाला.

पांढऱ्या रश्श्यात अळणी पाण्यात (मटण शिजवलेल्या पाण्यात) खसखस-काजू-तिळाचं वाटण आठ-दहा मिनिटं आधी शिजवा. नारळाचं दाट दूध सगळ्यात शेवटी, मंद आचेवर, हलवत. कडेला पहिले बुडबुडे आले की गॅस बंद. खळाखळा उकळलं किंवा लिंबू पिळलं की फुटतं. फुटलाच तर कोमट झाल्यावर चमचाभर काजू पेस्ट घालून मिक्सरमधून फिरवा. पूर्वीसारखा नाही, पण वाढण्याजोगा होतो. उरलेला लगेच फ्रीजमध्ये आणि दुसऱ्या दिवशी संपवायचा.

गूळ आणि आंबट कधी घालायचं

हुग्गीसाठी, म्हणजे गव्हाच्या गुळातल्या खिरीसाठी, खपली गहू कांडून रात्रभर भिजवतात. दाणा पूर्ण मऊ व्हायच्या आत गूळ पडला तर तो तिथेच थांबतो. नंतर कितीही शिट्ट्या द्या, चावताना रबरासारखा लागतो. १ वाटी गव्हाला ४ वाट्या पाणी, ६-७ शिट्ट्या, मग मंद आचेवर १५ मिनिटं. दाणा बोटांनी चेपून बघा. चेपला तरच १ ते सव्वा वाटी गूळ. चुकून आधी घातला असेल तर दोन वाट्या उकळतं पाणी घालून कुकर पुन्हा लावा. थोडा फरक पडतो, सगळा नाही.

तुरीच्या डाळीत चिंच, घेवड्यात टोमॅटो, मटकीत आमसूल: आंबटानेही तेच होतं. आम्लामुळे दाण्याच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन सुटत नाही. बोअरच्या जड पाण्यानेही डाळ शिजत नाही. तिथे चिमूटभर खायचा सोडा पुरतो.

कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण दूध नासवण्यात तोही मागे नाही. गूळ थोडा आम्लधर्मी असतो आणि उकळत्या दुधात ते आम्ल लगेच काम करतं. हुग्गीत दूध ताटात वाढताना, गार घाला. गुळाच्या चहात गॅस बंद करून मिनिटभर थांबा, मग गूळ.

परसातली भाजी: आधी चाखा

परसातला दुधी, दोडका, पडवळ किंवा काकडी चिरल्यावर टोकाचा लहानसा तुकडा जिभेवर ठेवा. कडू लागला तर अख्खं फळ टाका. हा कडूपणा कुकरबिटासिन या विषारी द्रव्याचा असतो, शिजवून जात नाही आणि मिठात ठेवूनही जात नाही. कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावली आहेत. जुन्या भाजीचं बी धरून लावलेल्या किंवा उकिरड्यावर आपोआप उगवलेल्या वेलाचं फळ तर चाखल्याशिवाय कढईत टाकूच नये. कारल्याची गोष्ट वेगळी. ते कडूच असायचं.

अळूने घसा खाजतो तो पानातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या कणांमुळे. पानं कमी शिजली की हमखास. देठ सोलून, पूर्ण गाळ होईपर्यंत शिजवा, मग चिंच घाला. हात खाजत असतील तर चिरताना तेल लावा.

पोकळा, मेथी, चाकवत काळपट होतात ते झाकण ठेवून शिजवल्याने. पहिली दोन-तीन मिनिटं उघडं ठेवा, मीठ पाला बसल्यावर. काढलेला पाला धुऊन ओला फ्रीजमध्ये ठेवला तर दोन दिवसांत सडतो; न धुता, कोरड्या फडक्यात गुंडाळा.

दोडक्याच्या शिरांची चटणी चिवट झाली तर शिरा कमी भाजल्या होत्या. थोड्या तेलात मंद आचेवर कुरकुरीत होऊ द्या, मगच तीळ आणि सुकं खोबरं.

उरलेलं

रात्रीचा भात ओट्यावर ठेवून सकाळी फोडणी देणं ही जुनी सवय आहे, पण उन्हाळ्यात धोक्याची. भातातले काही जिवाणू शिजवल्यावरही बीजरूपात जिवंत राहतात, ऊबेत वाढतात आणि विष सोडतात. ते विष फोडणीच्या आचेने नष्ट होत नाही. तासा-दोन तासांत पसरट भांड्यात गार करून फ्रीजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी संपवा. पातेल्यात गच्च भरलेला भात फ्रीजमध्येसुद्धा मधून तासन्‌तास कोमट राहतो.

भाकरीचा कुस्करा गिचका होतो तो ताज्या भाकरीमुळे. आदल्या रात्रीची, हाताला कडक लागणारी भाकरी घ्या. ३ भाकरींना १ मोठा कांदा, २ चमचे तेल. चुरा परतल्यावर दोन-तीन चमचे ताक शिंपडून झाकण ३ मिनिटं, बस्स.

खर्डा (मिरचीचा ठेचा) मिक्सरमध्ये फिरवला की पाणी सुटतं आणि चटणी होते. धुतलेल्या मिरच्या आधी फडक्याने कोरड्या पुसा, तव्यावर थोड्या तेलात डाग पडेपर्यंत भाजा, तिथेच लसूण आणि खडे मीठ घालून तांब्याच्या बुडाने रगडा. तेलात बुडवलेला लसूण बाहेर ठेवून दिवसेंदिवस खाऊ नये. हवा न लागणाऱ्या जागी वाढणारे घातक जिवाणू त्यात वास न बदलताही असू शकतात. खर्डा फ्रीजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा.