ताप पाचव्या दिवशीही उतरला नाही तर वही डॉक्टरांपुढे ठेवा

धाकटा तीन वर्षांचा होता. दुसऱ्या दिवशी अंगावर पुरळ उठलं, चौथ्या दिवशी डोळे लाल झाले, पण तोवर पुरळ मावळलेलं. डॉक्टरांना दर खेपेला एकच खूण दिसायची आणि आम्ही ‘व्हायरल आहे’ ऐकून घरी यायचो. निघाला कावासाकी आजार. जपानचे बालरोगतज्ज्ञ तोमिसाकू कावासाकी यांनी १९६७ साली याचं वर्णन केलं. यात हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांना सूज येते, भिंत कमकुवत होते आणि ती जागा फुग्यासारखी फुगते.

म्हणून तापाच्या पहिल्या दिवसापासून तारीख, वेळ, आकडा लिहा. दिसेल त्या खुणेचा लगेच फोटो काढा: चिपडं नसलेले लाल डोळे, फुटलेले ओठ, दाणेदार लालभडक जीभ, सुजलेले तळहात-तळपाय, मानेतली गाठ. दंडावरचा बीसीजीचा व्रणही बघा. आमच्याकडे तो लाल होऊन फुगला होता, मला वाटलं डास चावला. बोटांची सालं निघायची वाट बघू नका, ती दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात निघतात. तान्ह्या बाळांत खुणा अर्धवटच असतात, तिथे जास्त जपा. फोटो दाखवून सरळ विचारा, “कावासाकी असेल का? टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायची का?”

औषध इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रक्तदात्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं, शिरेतून, वजनाच्या किलोमागे २ ग्रॅम. आमच्या १४ किलोच्या पोराला २८ ग्रॅम, रात्रभर थेंबथेंब. ते पहिल्या १० दिवसांत मिळालं तर धमनी फुगण्याचं प्रमाण सुमारे २५ टक्क्यांवरून ५ टक्क्यांच्या आसपास येतं. आम्हाला नववा दिवस उजाडला. डावी धमनी साडेचार मिलिमीटर झालेली.

घरी आल्यावर ॲस्पिरिन रोज, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेतच. आयबुप्रोफेन देऊ नका, त्याने ॲस्पिरिनचा उपयोग कमी होतो. घरात किंवा बालवाडीत कांजिण्या, फ्लू आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. ॲस्पिरिन चालू असताना हे झालं तर यकृत आणि मेंदूला धोका असतो. फ्लूचं इंजेक्शन चुकवू नका. गोवर आणि कांजिण्यांच्या लशी मात्र इम्युनोग्लोब्युलिननंतर ११ महिने पुढे जातात, लसीच्या कार्डावर तसं लाल पेनाने लिहून घ्या.

धमनी फुगलेली असली तर हृदयाचा झटका येऊ शकतो, पण छातीत दुखतंय हे एवढंसं लेकरू सांगत नाही. ते अचानक पांढरंफटक पडलं, घामाघूम झालं, ओकाऱ्या काढत रडायचं थांबेना, तर रिक्षातूनच फोन करत हॉस्पिटल गाठा.

इकोची वेळ दुपारच्या झोपेची मागून घ्या. मूल हललं की माप नीट मिळत नाही. आणि प्रत्येक माप त्याच वहीत, तारखेसकट.