तेल-गॅस जमिनीखाली अडकतं कसं? हिशोब करताना या चुका टाळा

ट्रॅप, म्हणजे तेल-गॅस अडकून साठण्याची जागा, म्हटलं की घुमटासारखा वाकलेला दगड डोळ्यासमोर येतो, वर शेल (चिखलाचा घट्ट दगड), खाली सॅण्डस्टोन (वाळूचा दगड) आणि त्याच्या छिद्रांत तेल. चित्र चुकीचं नाहीये पण अर्धंच आहे. तेलाला वर ढकलतं कोण आणि थोपवतं कोण, हे ठरतं फ्लुइडच्या गुणधर्मांवरून: घनता, तेल-पाण्याच्या सीमेवरचा ताण, आणि दगडाला पाणी जास्त चिकटतं की तेल. हे न बघता नुसत्या नकाशावरच्या उंचवट्यावर हिशोब मांडला की पुढचं सगळंच घसरतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सील, म्हणजे तेलाला वरून थोपवणारा दगडाचा थर, एकतर बंद नाहीतर उघडं, असं धरून चालणं. शेलमध्येही छिद्रं असतात आणि त्यात पाणी भरलेलं असतं, फक्त त्यांना जोडणाऱ्या वाटा इतक्या बारीक असतात की तेलाला आत घुसायला जबरदस्त दाब लागतो, यालाच कॅपिलरी एंट्री प्रेशर म्हणतात. एकदा कागदावर करूनच बघा. ताण ३० मिलीन्यूटन प्रति मीटर, वाटेची त्रिज्या ०.१ मायक्रॉन, दगड पूर्ण वॉटर-वेट, म्हणजे त्याला तेलापेक्षा पाणीच चिकटतं. ताणाची दुप्पट भागिले त्रिज्या, उत्तर येतं ६ लाख पास्कल. आता तेल पाण्यापेक्षा घनमीटरमागे २०० किलोने हलकं असेल तर त्याचा प्रत्येक मीटर थर साधारण १९६० पास्कलने वर रेटतो, म्हणजे हे शेल जवळपास ३०० मीटरचा कॉलम (तेलाच्या सलग थराची उंची) पेलेल आणि त्यापुढे तेल त्यातूनच वर सरकायला लागेल. हाच हिशोब १० मायक्रॉनच्या वाटा असलेल्या सॅण्डस्टोनला लावा, जेमतेम ३ मीटर! मला अजूनही हे उत्तर बघून नवल वाटतं, अख्ख्या साठ्याचं भवितव्य डोळ्याला न दिसणाऱ्या वाटेवर ठरतं.

मग लोक म्हणतात, तेल जेवढं पेललं तेवढाच गॅसही पेलेल. नाही पेलणार. गॅस-पाण्याचा ताण जास्त असतो हे खरं, ५० धरा, पण घनतेतला फरक ८०० च्या घरात जातो, त्यामुळे त्याच शेलखाली गॅसचा कॉलम १२५-१३० मीटरवरच थांबतो. आणि घनता घेताना जमिनीवरची घेऊ नका, खोलवर तेलात गॅस विरघळलेला असतो म्हणून ते हलकं होतं, आणि गॅस दाबाखाली कितीतरी जड होतो.

आकडे जुळतच नाहीयेत? आधी लॅबचा डेटा तपासा. सीलची चाचणी बहुतेक वेळा पारा घुसवून करतात, पाऱ्याचा ताण ४८० आणि दगडाशी होणारा कोन १४० अंश, त्यामुळे तो दाब तेल-पाण्यासाठी साधारण १२ ने भागावा लागतो. ही पायरी राहिली की कॉलम बारापट फुगतो, आणि कुणाला पटकन शंकाही येत नाही कारण आलेख दिसायला अगदी व्यवस्थित असतो.

तेल-पाण्याची सीमा आडवी सपाटच असणार हेही गृहीत धरू नका. खालचं पाणी वाहत असेल तर सीमा कलते, हे भूवैज्ञानिक किंग हबर्टने १९५३ मध्ये गणितानं मांडलं. पाण्याची घनता भागिले पाणी आणि तेलातला फरक, याने पाण्याच्या हेडचा (दाबामुळे पाणी जितक्या उंचीपर्यंत चढेल त्या पातळीचा) उतार गुणायचा. पाणी १००० आणि तेल ८०० असेल तर पाचपट, तेल ९०० असेल तर दहापट, म्हणजे हेड किलोमीटरला २ मीटर उतरत असेल तर जड तेलाची सीमा २० मीटर उतरते, गॅसची मात्र अडीचच मीटर. म्हणून एकाच घुमटात गॅस माथ्यावर आणि तेल प्रवाहाच्या दिशेला एका कुशीत सरकलेलं, असं सापडू शकतं. माथ्यावरच्या विहिरीत तेल मिळालं नाही म्हणून जागा सोडून द्यायच्या आधी हा कल काढून बघा, प्लीज.

गॅस सगळ्यात वरच्या ट्रॅपमध्येच जाणार, हा समजही सोडा. एकमेकांना जोडलेले ट्रॅप खालून भरत जातात तेव्हा गॅस माथा धरतो आणि तेलाला स्पिल पॉइंटवरून (ट्रॅप भरल्यावर जिथून सांडतं ती जागा) पुढच्या, उथळ ट्रॅपमध्ये ढकलतो. भूवैज्ञानिक गसोने १९५४ मध्ये हेच दाखवलं: खोल ट्रॅपमध्ये गॅस, मधल्यात तेल, सगळ्यात वरच्यात नुसतं पाणी.

कोअरवर (विहिरीतून काढलेल्या दगडाच्या नमुन्यावर) तेलाचे डाग दिसले म्हणून साठा आहे असंही लगेच म्हणू नका. तेल त्या दगडातून निघून गेलं असेल तरी मागे सुटे थेंब राहतात, चारी बाजूंनी पाण्याने तोडलेले, आणि ते अरुंद वाटेत अडकून बसतात, त्यांची बॉयन्सी (हलकेपणामुळे वर रेटणारं बळ) त्यांना बाहेर काढायला पुरत नाही. असं वाटलं तर प्रेशर आणि खोलीचा आलेख काढा, तेलाची सलग रेघ वेगळ्या उताराने दिसली तर कॉलम खरा, आणि ती पाण्याच्या रेघेला जिथे छेदते ती फ्री वॉटर लेव्हल. बारीक छिद्रांच्या दगडात प्रत्यक्ष तेल-पाण्याची सीमा तिच्या बरीच वर असते, त्यामुळे साठ्याची जाडी मोजताना दोन्ही एकच धरू नका.