नव्या गाडीतून झिरपणारं मेण: पुसायला बसण्याआधीची तयारी

एप्रिल-मे महिन्यात घरी आलेल्या पांढऱ्या गाडीच्या दाराखाली, डिकीच्या कडेला किंवा बोनेटच्या घडीत तपकिरी-पिवळा चिकट ओघळ दिसला, की घरातलं कोणीतरी हमखास म्हणतं, 'गंज लागला, फसवलं आपल्याले.' आधी नख लावून पाहा. नख रुतलं आणि बोटाला चिकट लागलं तर ते मेण आहे. मग पांढऱ्या फडक्याला थोडं टर्पेंटाइन लावून पुसा. मेण विरघळून फडकं पिवळसर होतं आणि खालचा रंग चकचकीत निघतो. गंज कोरडा, खरखरीत असतो आणि टर्पेंटाइनला दाद देत नाही. डांबराचे ठिपकेही टर्पेंटाइननं निघतात, पण ते काळे असतात आणि चाकांच्या मागे उडालेले दिसतात, घडीतून ओघळलेले नसतात.

हे मेण कारखान्यातच फवारलेलं असतं. दाराचा बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्यावर दुमडून घडी केलेली असते. पाणी त्या घडीत मुरतं आणि गंजाची सुरुवात बहुधा तिथूनच होते, म्हणून मेणही तिथं मुद्दाम जास्त मारतात. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याकडे पारा ४५ ला टेकतो तेव्हा उन्हात उभ्या गाडीचा पत्रा हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो, हात ठेववत नाही. मेण पातळ होतं, जास्तीचं घडीतून आणि दाराच्या तळाच्या निचऱ्याच्या भोकांतून बाहेर येतं. टिनाच्या शेडमध्ये गाडी ठेवत असाल तर सावली असूनही हेच होईल, कारण दुपारी टिनाखालची हवा भट्टीसारखी असते. म्हणून तयारी एकदाच्या साफसफाईची नको, अख्ख्या उन्हाळ्याची हवी. बाहेर आलेलं पुसायचं, आतलं आत राहू द्यायचं.

सामान जमवायला लागा. रंगाच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानात ऑइल पेंट पातळ करायला जे मिनरल टर्पेंटाइन मिळतं ते अर्धा लिटर घ्या. एका वेळेला पाव लिटरही लागत नाही. रॉकेल मिळालं तर तेही चालतं, फक्त त्याचा तेलकट थर जास्त राहतो आणि शाम्पूचा एक हात वाढतो. पेट्रोल नको, ते पटकन उडतं आणि पटकन पेटतं. एनसी थिनर (लॅकर रंग पातळ करायचं जहाल द्रावण) तर गाडीच्या जवळही आणू नका, रंगावर डाग पडतो तो जात नाही. डिझेलही नको, त्याचा ओशट थर धूळ धरून ठेवतो. दुकानदार 'थिनर म्हणजे टर्पेंटाइनच, एकच आहे' म्हणाला तर डब्यावरचं नाव स्वतः वाचून घ्या.

मायक्रोफायबरची फडकी सहा ते आठ, शक्यतो पांढरी किंवा फिकट रंगाची, म्हणजे काय निघतंय ते दिसतं. जुनं बनियन चालेल, पण शिवण आणि लेबल कापून. हातमोजे नायट्राइलचे घ्या. भांडी घासायचे रबरी मोजे टर्पेंटाइननं फुगतात. मेणाचे जाड गोळे उचलायला आइस्क्रीमची लाकडी काडी पुरते. पान्हा, स्क्रू ड्रायव्हर, ब्लेड यांना सुट्टी. दोन बादल्या, गाडीचा शाम्पू, एक मऊ मिट (गाडी धुवायचा जाड हातमोजा) आणि दाराखाली अंथरायला खोक्याचे पुठ्ठे. कपड्याची पावडर वापरू नका. ती रबर आणि काळ्या प्लास्टिकवर पांढरे चट्टे सोडते.

पाण्याचाही विचार आधीच करा. अमरावती, अकोला, बुलढाणा जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी पत्र्यावर वाळलं की पांढरे ठिपके राहतात, आणि ते मेणापेक्षा चिवट निघतात. धुवायला बोअरचं पाणी चालेल, पण शेवटचा हात फिरवायला आरओच्या पाण्याचा २० लिटरचा एक जार बाजूला ठेवा आणि पाणी वाळायच्या आत पुसून घ्या.

वेळ निवडताना थोडी युक्ती आहे. आदल्या दिवशी दुपारी गाडी मुद्दाम उन्हात, सपाट जागी उभी करा. जे यायचं ते येऊन जाऊ द्या. चढावर उभी केली तर सगळं मेण दाराच्या एकाच कोपऱ्यात जमतं आणि दुसऱ्या टोकाचं आतच अडतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा ते आठच्या दरम्यान, पत्रा हाताला थंड लागतोय तोवर काम उरका. दुपारी टर्पेंटाइन फडक्यावरच उडून जातं, मेण विरघळण्याऐवजी पसरतं. शिवाय मिनरल टर्पेंटाइन साधारण ३५ ते ४० अंशांनाच पेट घेण्याइतकी वाफ सोडू लागतं. म्हणजे आपल्याकडची मे महिन्यातली दुपार त्याच्यासाठी आधीच धोक्याची. बिडी, चूल, गॅस, वेल्डिंग, सगळं लांब. शेडचं दार उघडं ठेवा, आणि डबा गाडीत ठेवून गावाला जायचं तर अजिबात नको. डिसेंबर-जानेवारीत उलट होतं. मेण कडक असतं आणि काडीनं खपल्या निघतात, तेव्हा केस वाळवायचा ड्रायर मंद आचेवर, एक हात अंतरावरून मिनिटभर फिरवला की पुरे.

सगळ्यात आधी धूळ. पांदणीतून आलेल्या गाडीच्या चिकट मेणावर मातीचे बारीक कण, सोयाबीनचं कुटार, कापसाचे तंतू असं सगळं बसलेलं असतं. कोरडं पुसलं तर मेणात रुतलेले हे कण रंगावर ओरखडे ओढतात, आणि काळ्या-निळ्या गाडीवर ते पहिल्याच उन्हात दिसतात. म्हणून भरपूर पाण्यानं धूळ वाहू द्या, मग शाम्पूनं एकदा धुवा, पत्रा कोरडा करा. प्रेशर गन वापरायची तर दीड-दोन फूट लांबून, आणि नळी घडीच्या फटीत रोखून धरायची नाही. वाफ किंवा उकळतं पाणी नको. ते आतलं मेणही सैल करून बाहेर आणतं.

आता पुसण्याची पद्धत. फडक्याची दोनदा घडी घातली की आठ स्वच्छ पृष्ठं मिळतात. एका पृष्ठावर टर्पेंटाइन ओता. गाडीवर ओतायचं नाही, फवारायचं तर नाहीच. ओलं फडकं डागावर अर्धा मिनिट दाबून ठेवा, मग एकाच दिशेनं, वरून खाली, फटीच्या बाजूला ओढा. गोल घासायचं नाही. फडकं तपकिरी झालं की पुढचं पृष्ठ. त्याच मळक्या पृष्ठानं पुन्हा पुसलं की मेण निघत नाही, पातळ थरात सगळीकडे जातं, आणि संध्याकाळच्या तिरप्या उन्हात मोराच्या पिसासारखे रंग दिसू लागतात. तसं दिसलं तर स्वच्छ फडक्यानं पुन्हा टर्पेंटाइन, मग शाम्पूचे दोन हात. शाम्पू टाळू नका, तो तेलकट थर काढायलाच आहे.

फडक्यावर गाडीचाच रंग उतरायला लागला तर तिथंच थांबा. कारखान्याचा रंग भट्टीत भाजलेला असतो, अर्ध्या मिनिटाच्या टर्पेंटाइननं तो निघत नाही. रंग उतरतोय याचा अर्थ तो पत्रा नंतर रंगवलेला असू शकतो. फोटो काढून शोरूमला विचारण्यासारखी ही गोष्ट आहे.

रबरी बीडिंग (दार-काचेच्या कडेची रबरी पट्टी), काळं न रंगवलेलं प्लास्टिक आणि हेडलाइट यांच्यासाठी टर्पेंटाइन नाही. बीडिंगचं रबर टर्पेंटाइनसारख्या पेट्रोलियमच्या पदार्थानं फुगतं, हेडलाइटच्या प्लास्टिकला बारीक तडे जाऊ शकतात. तिथं कोमट पाणी, शाम्पू आणि थोडा धीर. दाराच्या बिजागरीला लावलेलं ग्रीस हे मेण नव्हे. तेही पुसून काढलं तर महिन्याभरात दार कुरकुरतं. क्ले बार (रंगावर रुतलेली घाण ओढून काढायची मऊ वडी) मेणाचे गोळे काढायला वापरू नका, बार वाया जातो.

निचऱ्याची भोकं हा या कामातला सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि नेमका तोच विसरला जातो. प्रत्येक दाराच्या तळाशी दोन-तीन भोकं असतात. काचेच्या बाहेरच्या पट्टीवरून अर्धा ग्लास पाणी सोडा आणि ते खालून टपकतंय का बघा. टपकत नसेल तर मेणानं भोक बुजलंय. प्लास्टिकचा केबल टाय हलकेच आत-बाहेर करा. तार किंवा खिळा घातला तर आतला लेप खरवडला जातो आणि ज्या गंजापासून वाचायचं तोच तिथून सुरू होतो. पावसाळ्यात दारात पाणी खळखळत असेल तर हीच तपासणी पुन्हा करा. ओघळ कायमचा बंद करायचा म्हणून घडीत सिलिकॉन, एम-सील किंवा फेविक्विक भरणारे भेटतात. ऐकू नका, पाणी आत कोंडतं.

वॉशिंगवाल्याकडे गाडी देताना स्पष्ट सांगा की खालून डिझेल किंवा जळकं ऑइल मारायचं नाही. तळाचा मेणाचा लेप डिझेलनं धुऊन जातो आणि रबरी बुश नरम होतात. गाडीच्या तळाला मेणाचे ओघळ दिसले तर ते राहू द्या. सिरॅमिक कोटिंग (रंगावर चढवायचा कडक संरक्षक थर) करायचा विचार असेल तर पहिला कडक उन्हाळा जाऊ द्या. घडीतून मेण येतंय तोवर त्या कडांवर कोटिंग धरत नाही, पैसे मात्र पूर्ण द्यावे लागतात.

वापरलेली फडकी गोळा करून शेडच्या कोपऱ्यात टाकू नका. मोकळ्या हवेत पसरून वाळवा, मग पिशवीत बांधा. ती चुलीत पेटवायला घेऊ नका. उरलेलं मळकं टर्पेंटाइन नालीत किंवा विहिरीच्या काठावर ओतायचं नाही, गुरं पाणी पितात. झाकणाच्या डब्यात ठेवलं की मळ तळाशी बसतो आणि वरचं निवळ पुढच्या वेळेला कामी येतं. डब्यावर नाव लिहा, पाण्याची बाटली वापरू नका.

एवढं करूनही त्याच जागी कोरडे नारिंगी कण परत दिसले, किंवा रंगाखाली फुगा आला, तर ते मेण नाही. तारखेसह फोटो काढा, धुवायच्या आधीचाही. शोरूममध्ये 'वॅक्स आहे साहेब, पुसून देतो' असं तोंडी उत्तर मिळालं तर तक्रार जॉब कार्डवर (गाडी दुरुस्तीला घेताना शोरूम भरतं तो कागद) शब्दशः लिहून घ्या: कोणतं दार, कोणती कड, किती इंच.