आई-बाबांना ‘डिजिटल अरेस्ट’पासून वाचवायचं तर

व्हिडिओ कॉलवर होणारी अटक, म्हणजे ‘डिजिटल अरेस्ट’, भारतातल्या कुठल्याच कायद्यात नाही. हे माहीत असूनही माणसं फसतात, कारण इथे भोळेपणापेक्षा भीतीचं काम जास्त. ‘तुमच्या आधारवरच्या सिममधून गुन्हा झालाय,’ असं सांगणारा गणवेशातला ‘साहेब’, आणि वर ‘कुणाला सांगाल तर मुलंही अडकतील’ ही धमकी. जन्मभर पोलीस चौकीची पायरी न चढलेला माणूस मग स्वतः बँकेत जाऊन एफडी मोडतो, आरटीजीएस करतो.

म्हणून उपदेशापेक्षा वाटेत अडथळे घाला.

यूपीआयसाठी वेगळं खातं, त्यात १५-२० हजारच. मोठी ठेव दुसऱ्या बँकेत, नेट बँकिंगशिवाय. एफडी ‘जॉइंटली’ पद्धतीने करा, म्हणजे मोडायला दोन सह्या लागतात. दुसरी सही गावातल्याच भावाची किंवा बहिणीची. परदेशातल्या मुलाची घेतलीत तर खऱ्या अडचणीतही काम खोळंबेल. दवाखान्यासाठी काही रक्कम मोकळी ठेवा, नॉमिनी नोंदवा.

व्हॉट्सअॅपच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, मग कॉल्स. तिथे अनोळखी कॉल सायलेंट करा. वीजबिलाच्या किंवा पेन्शनच्या नावाने आलेली ‘एपीके’ फाइल (फोनमध्ये अॅप बसवणारी फाइल) उघडायची नाही. यूपीआय पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही, हे फोनच्या कव्हरवरच चिकटवा.

आता सराव. रविवारी तुम्हीच ‘साहेब’ बनून आई-बाबांना फोन करा. त्यांनी एकच करायचं: फोन ठेवायचा आणि ठरलेल्या माणसाला सांगायचं. ‘उद्धट वाटेल’ म्हणून ते फोन ठेवत नाहीत. खरी अडचण तीच, आणि ती दोन-तीनदा सराव केल्यावरच सुटते.

पैसे गेलेच, तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. रक्कम, वेळ आणि यूटीआर (व्यवहाराचा) क्रमांक हाताशी ठेवा. पैसा ठगांनी भाड्याने घेतलेल्या खात्यांतून झपाट्याने पुढे सरकतो, म्हणून तो गोठवायला मिनिटं मोलाची असतात. त्यानंतर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इनवर तक्रार आणि बँकेला लेखी पत्र. चॅट पुसू नका, स्क्रीनशॉट काढा. आणि रागावू नका. एकदा बोलणी खाल्लेला माणूस पुढचा कॉल लपवतो.

पुढचा कॉल येतोही. ‘गेलेले पैसे मिळवून देतो, आधी फी भरा,’ म्हणणारा वकील किंवा अधिकारी हाही ठगच.