जर्मनीतल्या हिवाळ्यात व्यायाम चालू ठेवायचाय?

डिसेंबरात बर्लिनला सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो आणि चारच्या आत मावळतो, म्हणजे ऑफिसला जाताना पण अंधार आणि येताना पण, त्यामुळे "घरी आल्यावर पळायला जाऊ" हा प्लॅन नोव्हेंबरातच बारगळतो. त्यापेक्षा सकाळी चहा टाकायच्या आधी १२ सूर्यनमस्कार घाला, सावकाश घातले तरी दहा मिनिटांत होतात. मॅट रात्रीच हीटरजवळ अंथरून ठेवायची, मग सकाळी हात टेकवताना गार लागत नाही आणि ती समोर दिसली की टाळवत पण नाही.

दोरीच्या उड्या मात्र फ्लॅटमध्ये नकोच, इकडे रात्री १० ते सकाळी ६ आणि रविवारी दिवसभर शांतता पाळतात, खालच्यांना त्रास होतो. जिम लावताना करार नीट वाचा, बरेचदा १२ किंवा २४ महिन्यांचा असतो.

आणि रविवारी दुपारी बाहेर पडाच. बर्लिनमधल्या टेम्पेलहोफच्या जुन्या विमानतळाची धावपट्टी आता सगळ्यांना खुली आहे, तिथे चालता चालता आईला फोन लावायचा, इकडे १ म्हणजे भारतात घरी साडेपाच, तिचा पण चहा झालेला असतो, गप्पांत तासभर चालणं होऊन जातं.