डोंगरमाथ्यावरून खालच्या मुलखाचे फोटो कसे काढावेत

गडाच्या माथ्यावर पोहोचल्यावर समोर उलगडतो तो मुलूख डोळ्यांत मावत नाही. त्याचाच मोबाइलवर काढलेला फोटो मात्र सपाट निघतो: वर पांढरट आकाश, खाली करडा-हिरवा पट्टा आणि मधे डोंगराच्या जागी उंचवट्याची एक बारीक रेघ. यात दोष सहसा कॅमेऱ्याचा नसतो. डोळा दरीत उतरतो, एखाद्या वाडीवर थांबतो, तिथून समोरच्या सुळक्यावर जातो आणि एवढं सगळं जोडून मनात खोली तयार करतो. कॅमेरा सगळं एकाच झटक्यात, एकाच मापात घेतो. म्हणून ती खोली फोटो काढणाऱ्याला स्वतः आणावी लागते, आणि ती उजेडातून आणि निवडीतून येते. खाली सह्याद्रीतली उदाहरणं घेतली आहेत, पण रीत कुठल्याही डोंगरावर चालेल.

१. जागा आणि वेळ एकत्र ठरवा

माझ्या मते निम्मा फोटो इथेच ठरतो, त्यामुळे घरून निघण्याआधी नकाशा उघडून बसा. कडा कोणत्या दिशेला तोंड करून आहे आणि त्या महिन्यात सूर्य कुठून उगवतो, कुठे मावळतो, एवढं पाहून घ्या. सूर्याची दिशा दाखवणारी ॲप मोबाइलवर फुकट मिळतात.

वरून खाली बघताना सगळ्यात उपयोगी तो बाजूने येणारा तिरपा उजेड. सोंडा, घळी, शेताचे बांध या सगळ्यांना त्याने सावली मिळते आणि उंचसखलपणा दिसू लागतो. डोक्यावरच्या उन्हात हे सगळं पुसलं जातं. सकाळी उजाडल्यापासून साधारण दोन तास आणि संध्याकाळी मावळतीआधीचे दोन तास कामाचे. मधला वेळ गड बघायला, जेवायला आणि पुढची जागा हेरायला ठेवा.

राजगडाचं उदाहरण घेऊ. बालेकिल्ल्यावरून पश्चिम अंगाला संजीवनी माची दिसते. तिची लांबच लांब दुहेरी तटबंदी डोंगराच्या सोंडेवरून वळणं घेत जाते. वरून टिपण्यासारखं याहून देखणं बांधकाम सह्याद्रीत मला तरी माहीत नाही. पण सूर्योदयाच्या क्षणी माचीचा बराचसा भाग बालेकिल्ल्याच्याच सावलीत असतो. घाई करू नका. ऊन थोडं वर आलं की सावली माचीवरून मागे सरकते, तटाची एक बाजू उजळते, दोन भिंतींमधली अरुंद वाट काळोखात राहते आणि वळण न् वळण वेगळं उठून दिसतं. दुपारनंतर ऊन कलू लागलं की अशीच संधी पुन्हा मिळते.

आता मावळतीचं बघा. राजगडावरून तोरणा पश्चिमेपेक्षा थोडा उत्तरेकडे आहे. डिसेंबरात सूर्य नैर्ऋत्येकडे कलून मावळतो, म्हणजे तोरण्याच्या बराच डावीकडे. तोरण्याच्या माथ्याजवळ उतरणारा सूर्य हवा असेल तर उन्हाळ्याकडे सरकायला हवं. हे आधी माहीत असलं की ‘सूर्य भलतीकडेच गेला’ असं होत नाही. मुक्कामाला जाणार असाल तर गडावर सध्या परवानगी आहे का, याचीही आधीच चौकशी करा.

हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी त्याच्या पायथ्याचा भाग, बेलपाडा आणि आजूबाजूचं रान, डोंगराच्या सावलीत असतं आणि ऊन तिथे उशिरा पोहोचतं. आत वळलेला तो काळा कातळ टिपायचा असेल तर दुपार कलल्यानंतर कड्याच्या एका टोकाकडे जा. तिथून समोरची वळलेली भिंत उन्हात दिसते.

कळसूबाईच्या माथ्यावरून (१,६४६ मीटर) दक्षिणेला भंडारदऱ्याचं पाणी दिसतं. तिकडे सकाळ-संध्याकाळ बाजूचा उजेड मिळतो, तर हिवाळ्यात भर दुपारी ऊन समोरून येऊन पाणी नुसतं चकाकतं.

२. हवा कधी स्वच्छ असते

पावसाळा सरतानाचे दिवस सर्वोत्तम. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये एखादी सर पडून गेली की दुसऱ्या दिवशी सकाळी दूरच्या रांगा कोरल्यासारख्या स्पष्ट दिसतात, आणि खाली भातखाचरं पिवळी पडायला लागलेली असतात. फेब्रुवारीपासून धुरकटपणा वाढतो, त्यात वणव्यांचा धूर मिसळतो. अशा वेळी दूरच्या देखाव्याच्या मागे लागू नका. उगवत्या किंवा मावळत्या सूर्याच्या दिशेने कॅमेरा धरा. समोरून येणाऱ्या उजेडात तेच धुरकं कामाला येतं आणि डोंगररांगा एकामागे एक, गडद ते फिकट अशा उभ्या राहतात.

३. कॅमेरा काढण्याआधी एक गोष्ट निवडा

माथ्यावर पोहोचल्यावर पाच-दहा मिनिटं नुसतं बघा. नजर वारंवार कुठे जाते ते लक्षात घ्या. घाटातल्या वळणावरची लाल एसटी, धरणाच्या पाण्यात शिरलेली जमिनीची जीभ, कौलारू घरांचा पुंजका, माचीच्या टोकावर उभा असलेला माणूस, असं काहीही चालेल. मग फोटो त्या गोष्टीचा काढा आणि बाकीचा मुलूख तिच्याभोवती येऊ द्या. लहानशा माणसामुळे दरीची खोली लगेच कळते.

आकाशात काही नसेल तर ते फोटोतून काढून टाका. वरून खाली बघताना क्षितिज हवंच असं नाही. नुसती खाचरं, बांध आणि त्यांच्यामधून गेलेली पायवाट यांचा फोटो पुष्कळदा अधिक बोलका होतो. क्षितिज घेणार असाल तर कॅमेऱ्यातल्या ग्रिडच्या रेघा सुरू करा आणि ते सरळ ठेवा. पाण्याचा काठ तिरका दिसला की बघणाऱ्याचं लक्ष तिथेच अडकतं.

४. वाईडपेक्षा टेली

डोंगरावर गेलं की प्रत्येकाचा हात आधी वाईड, म्हणजे रुंद देखावा घेणाऱ्या लेन्सकडे जातो. वाईडमध्ये जवळचं मोठं आणि दूरचं फार लहान होतं, त्यामुळे समोरचा भक्कम डोंगर वारुळाएवढा दिसतो. पायाशी कातळ, बुरूज किंवा सोनकीची फुलं असतील तरच वाईड वापरा आणि तेव्हा खाली बसून त्यांना पुरेशी जागा द्या.

एरवी टेली, म्हणजे दूरचं जवळ आणणारी ७० ते २०० मिलिमीटरची लेन्स घ्या. मोबाइलवर टेली कॅमेरा असेल तर त्याचं दोन, तीन किंवा पाच पटीचं बटण वापरा. बोटांनी ताणून केलेला झूम टाळा, कारण त्यात पुष्कळदा चित्र नुसतं मोठं केलं जातं. टेलीतून रांगा एकमेकींजवळ आलेल्या दिसतात आणि उंची जाणवते. सगळा देखावा हवाच असेल तर कॅमेरा उभा धरून, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा साधारण तिसरा भाग घेत डावीकडून उजवीकडे फोटो काढा आणि घरी जोडा.

५. सेटिंग्ज

- कॅमेऱ्यावर ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ८, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १०० ते ४००, आणि हातात धरून काढताना शटर १/२५० किंवा त्याहून वेगवान. माथ्यावरचा वारा हात हलवतोच. ट्रायपॉड असेल तर बुटका ठेवा आणि त्याला पिशवी अडकवा.
- आकाश उजळ आणि दरी काळी असेल तर आकाशाला सांभाळा. मोबाइलवर उजळ भागावर बोट दाबून धरा, फोकस लॉक झाला की उजेड थोडा खाली ओढा. काळोखातला तपशील नंतर बराच वर आणता येतो, पांढरं फटक पडलेलं आकाश परत येत नाही. सोय असेल तर रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये काढा.
- पोलरायझर (चकाकी कमी करणारा, लेन्सवर लावायचा फिल्टर) सूर्याशी काटकोनात असलेल्या दिशेला सर्वात जास्त परिणाम करतो. वाईड लेन्सवर मात्र त्याने आकाशाचा एक तुकडा गडद आणि बाकीचा फिका होतो.

६. ढगांचा समुद्र आणि इंद्रवज्र

हिवाळ्यात रात्री थंड हवा दरीत साचते आणि पहाटे तिथे धुक्याचा थर जमतो. माथा त्याच्या वर असतो. उजाडण्याआधी जागेवर असा, कारण ऊन तापलं की हा थर उसवू लागतो. पांढऱ्या धुक्यापुढे कॅमेरा फसतो आणि चित्र करडं करतो, म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, अर्धा ते एक स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). धुक्यातून वर आलेला एखादा सुळका शोधा, नाहीतर नुसता पांढरा रंग उरतो.

सूर्य पाठीशी आणि समोर खाली धुकं असं जुळलं की स्वतःच्या सावलीभोवती रंगीत वर्तुळ उमटतं. तेच इंद्रवज्र. कोकणकड्यावरचं इंद्रवज्र ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्स यांनी पाहिल्याचं सांगितलं जातं. दिसलंच तर लेन्स बदलत बसू नका, हातात असेल त्याने काढा. वर्तुळ प्रत्येकाला आपल्याच सावलीभोवती दिसतं, त्यामुळे शेजाऱ्याला कॅमेरा दिला तर फोटोत मधोमध त्याची सावली येईल.

७. कड्यावर

हा भाग कृपया वाचून सोडून देऊ नका. स्क्रीनमध्ये बघत एकही पाऊल टाकायचं नाही. आधी जागेवर या, पाय रोवा, मग कॅमेरा वर घ्या. कोकणकड्यासारख्या ठिकाणी पालथं पडून, मागे कुणीतरी असताना काठावरून डोकवा. पावसाळ्यात कातळावर शेवाळ असतं आणि उन्हाळ्यात कडेच्या घसाऱ्यावर पाय सरकतो. वारा जोराचा असेल तर काठाजवळ जाऊच नका. कॅमेऱ्याचा पट्टा मनगटात किंवा गळ्यात हवा. कड्यांना आग्या मोहोळं असतात, तिथे धूर, आरडाओरडा आणि उग्र अत्तर टाळा. पाठमोरं होऊन काठावर सेल्फी घेण्याइतका मोलाचा कुठलाही फोटो नाही.

ड्रोन नेणार असाल तर ड्रोन नियम, २०२१ लागू होतात. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलच्या नकाशावर ग्रीन झोन (उड्डाणासाठी मोकळा भाग) असेल तिथेही मर्यादा ४०० फुटांची आहे. बरेच किल्ले संरक्षित स्मारकं आहेत, हरिश्चंद्रगड तर अभयारण्यात येतो. तिथे पुरातत्त्व विभागाची किंवा वनविभागाची परवानगी आधी घ्या. राजगडासह बारा किल्ले २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले आहेत, त्यामुळे तिथे तर हा नियम काटेकोर पाळायला हवा.

८. विमानाच्या खिडकीतून

पंखाच्या पुढची खिडकी घ्या, शक्यतो उन्हाच्या उलट बाजूची. लेन्स काचेजवळ न्या पण टेकवू नका, टेकवली की थरथर चित्रात उतरते. मागून गडद कापड किंवा जॅकेट धरलं की प्रतिबिंब जातं. शटर १/५०० किंवा अधिक. पोलरायझर काढून ठेवा, खिडकीच्या प्लास्टिकवर त्याने इंद्रधनुष्यी डाग उमटतात. पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं आणि गोव्याचं दाबोळी नौदलाचं विमानतळ आहे. तिथे उतरताना, उड्डाण करताना आणि विमान जमिनीवर असताना कॅमेरा बंद ठेवा, कर्मचाऱ्यांच्या सूचना पाळा.

९. घरी आल्यावर

धुरकं घालवणारा स्लायडर अगदी थोडा सरकवा. जास्त ओढला तर आकाश काळवंडतं आणि दूरच्या रांगांचा फिकटपणा, म्हणजे त्यांचं अंतर, नाहीसं होतं. मग त्याच दिवशी फोटोखाली जागा, दिशा, महिना आणि वेळ लिहा. समोर दिसणाऱ्या सुळक्यांची आणि वाड्यांची नावं वरच असताना तिथल्या गावकऱ्याला, ताक-लिंबूपाणी विकणाऱ्या मावशींना विचारून घ्यावीत. नकाशावर नसलेली पाण्याची टाकी, खिंडी आणि वाटा त्यांना नावानिशी ठाऊक असतात, आणि पुढच्या वेळी कुठल्या सोंडेवर उभं राहायचं तेही बहुतेक वेळा तेच सांगतात.