रूट कॅनाल झालेली दाढ पुन्हा दुखतेय? थ्रीडी स्कॅन असा काढा, असा बघा

रूट कॅनाल झालं, कॅप बसली, तरी चावताना वरची दाढ ठणकतेच. वैतागून "काढूनच टाका" म्हणण्याआधी डॉक्टरांना सीबीसीटी, म्हणजे दातांच्या थ्रीडी एक्स-रे स्कॅनबद्दल विचारा. वरच्या पहिल्या दाढेला बहुधा तीन मुळं असतात. त्यातल्या गालाकडच्या पुढच्या मुळात मात्र बऱ्याचदा दोन नलिका (नस असते त्या बारीक वाटा) निघतात आणि दुसरी फार बारीक असते. साध्या एक्स-रेत सगळं एकावर एक येतं, त्यामुळे ती साफ करायची राहून जाऊ शकते.

सरसकट प्रत्येक रूट कॅनालला हा स्कॅन नको, कारण किरणं साध्या एक्स-रेपेक्षा जास्त लागतात. गरोदर असाल तर आधीच सांगा.

चिठ्ठीवर दाढेचा नंबर लिहून घ्या: वरची उजवी पहिली दाढ १६, डावी २६. स्कॅन छोट्या भागाचाच हवा, साधारण ५ बाय ५ सेंटिमीटर. अख्ख्या जबड्याच्या स्कॅनमध्ये किरणं जास्त आणि बारकावे सहसा कमी.

नौपाड्यात काढा की वाशीत, नथ, कानातलं, कवळी काढून ठेवा. मशीन डोक्याभोवती फिरतं तेवढे काही सेकंद गिळूसुद्धा नका, नाहीतर चित्र धूसर येतं. निघताना नुसती प्रिंट घेऊ नका, पेनड्राइव्हवर डायकॉम फाइल, म्हणजे कॉम्प्युटरवर स्कॅन बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी मूळ फाइल मागा.

आता बघायचं कसं? पडद्यावर तुमची उजवी बाजू सहसा डावीकडे दिसते, हे आधी लक्षात घ्या. उभी रेषा मुळाच्या दिशेने वळवा आणि आडवे काप (दाढेच्या पातळ चकत्यांसारखी चित्रं) कॅपकडून मुळाच्या टोकाकडे हळूहळू सरकवा. घाई इथेच नडते. मूळ करडं-पांढरं, रिकामी नलिका काळा ठिपका, भरलेली नलिका लख्ख पांढरी. तो पांढरा ठिपका मुळाच्या मधोमध आहे का? गालाकडे सरकलेला असेल, तर टाळूच्या बाजूला दुसरी नलिका सुटली असण्याची दाट शक्यता. मुळाच्या टोकाशी काळी पोकळी दिसली, तर तिथलं हाड झिजलेलं असू शकतं.

एक सांभाळा: धातूची कॅप आणि नलिकेतलं भरण काळ्या रेघा पाडतात, त्या नलिकेसारख्या किंवा तड्यासारख्याच वाटतात. खरी नलिका एकामागोमाग कापांत सलग सापडते. रेघ मुळाची हद्द ओलांडून बाहेर जाते.

निदान डॉक्टरांनीच करायचं. संशय आलेल्या कापाचा स्क्रीनशॉट एंडोडॉन्टिस्टना, म्हणजे रूट कॅनालच्या तज्ज्ञांना दाखवा आणि विचारा: ही नलिका कॅपमधून गाठता येईल, की मुळाच्या टोकाची शस्त्रक्रिया लागेल?